अक्कांनी शेवट दिला नाही

बोलणं संपलं की अक्का उजव्या हाताची चार बोटं टेबलावर एकामागून एक आपटायच्या. टक, टक, टक, टक. मग समोरच्याने तोंड उघडायचं. आधी उघडलं तर त्या तळहात दाखवून थांबवायच्या.

"माझं झालं असं म्हटलं का मी?"

आणि आपण त्यांच्याशी बोलायला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला. "कुणाचं, कुणाला?" आमच्या तार ऑफिसातला शिपाई चहाचं सांगायला यायचा.

"अक्का, चहा येतोय."

"कुणाचा, कुणाला?"

"साहेबांचा. समद्यांना."

"आता सांग, काय येतंय?"

"चहा, अक्का, चहा!"

"किती कप?"

शिपाई कपाळावर हात मारायचा. अक्का मात्र गंभीर. कपांचा आकडा कळला की टेबलावर चार बोटं, आणि पुन्हा मशीनकडे तोंड.

गिरणीत जन्म घालवलेला माणूस घरात जेवतानासुद्धा ओरडून मीठ मागतो, हे सोलापुरात राहणाऱ्यांना मी सांगायला नको. अक्कांचंही तसंच झालं होतं. त्यांची गिरणी म्हणजे टेलिप्रिंटर, इथे टाइप केलेलं तिकडे मुंबईत उमटवणारं मशीन.

मी त्या ऑफिसात लागले तेव्हा माझं डोकं भडकलेलं होतं. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील गिरणी कामगार, युनियनचे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या पिशवीतल्या गुलाबी-पिवळ्या कागदांवर. घरातला कुठलाही कागद 'कामगार बंधूंनो' शिवाय सुरू होत नसे आणि उद्गारचिन्हाशिवाय संपत नसे. तेव्हा जगात अन्याय आहे, तो दिसला की बोलायचं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. नोकरी करायची म्हणजे गप्प बसायचं, हे शिकायचं राहिलं होतं.

मशीनची खोली आतल्या बाजूला होती. मशीनला धूळ चालत नाही म्हणून खिडक्या फळ्या ठोकून बंद केलेल्या. वर पंखा गरम हवाच फिरवायचा. सोलापूरचा उन्हाळा त्या खोलीत दिवाळीपर्यंत मुक्कामाला असे. समोर भिंत, भिंतीला लागून मशीन, मशीनपुढे अक्कांची खुर्ची. ती खुर्ची त्यांनी टेबलाच्या पायाला सुताच्या दोरीने बांधून ठेवली होती. कारण विचारलं तर म्हणाल्या, "न्हायतर काउंटरवाले नेतात." मला मात्र त्या दोरीकडे पाहिलं की खुर्चीऐवजी बाईच बांधलेली दिसायची. तसं मी एकदा बोलूनही दाखवलं. अक्का म्हणाल्या, "तुझी जीभ बांधायला पाहिजे, लई सैल हाय."

त्यांनी मला शिकवायला घेतलं तो दिवस आठवतो.

"तारेत काय असतं?"

"मजकूर," मी म्हणाले.

"ते लोकांना वाटतं. मजकूर मधी असतो. आधी सुरुवात पाहिजे आणि शेवटी शेवट."

मशीनमधून बारीक भोकं पाडलेली कागदी पट्टी बाहेर पडत होती. ती त्यांनी माझ्या हातावर ठेवली. एका तारेमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी, मध्ये फट नाही. मुंबईच्या मशीनला कळायचं कसं, कुठे एकाचं संपलं आणि दुसऱ्याचं सुरू झालं? म्हणून प्रत्येक तारेच्या आधी झेड सी झेड सी ही अक्षरं टाकायची. कुठल्याच माणसाच्या बोलण्यात ती अशी येत नाहीत. मग आपल्या लाइनवरचा क्रमांक, म्हणजे मधली एखादी तार गळाली तर समोरच्याला लगेच कळतं. मग कुठून निघाली आणि शब्द किती. मग पत्ता. मग मजकूर, पाठवणाऱ्याचं नाव. मजकुरात आकडे असतील तर ते खाली पुन्हा एकदा, वाटेत बिघडले असतील तर ताडून बघायला. आणि सगळ्यात शेवटी चार वेळा एन.

"चार एन पडले की मुंबईचा माणूस पट्टी फाडतो आणि पुढं देतो," अक्का म्हणाल्या.

"आणि नाही पडले तर?"

"तर तो बसून राहतो. त्याला वाटतं, तार चालूच हाय अजून. मागनं येणारी दुसरी तार पण हिच्याच पोटात जाते. कुणाच्या मयताचा निरोप कुणाच्या लग्नात." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "माझे वडील मागावर चादरी विणायचे. मागावर एकेक चादर सुटी नसते बाई, सलग थान असतं. मग कात्री लावायची कुटं? किनार आली की. आधी किनार, मग अंग, मग परत किनार. किनार चुकली तर दोन घरची माणसं एका चादरीत झोपतील की."

मी खो खो हसले. अक्का हसल्या नाहीत. चार बोटं टेबलावर आपटून त्यांनी धडा संपवला. ते टक टक म्हणजे चार एन होते, हे मला तेव्हा कळलं.

अक्कांचं लग्न झालेलं नव्हतं. विणकरांच्या वस्तीत दोन खोल्या, आणि तिथे अम्मा. आईला त्या अम्मा म्हणायच्या. तेलुगू घर. अम्माची एक बाजू लुळी पडली होती आणि तिला तेलुगूशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. जन्मभर त्या गल्लीत राहिल्यावर दुसरी लागते कशाला? अक्का ऑफिसात असल्या की गल्लीतल्या बायका आपापल्या उंबऱ्यात विड्या वळता वळता अम्माकडे लक्ष ठेवायच्या. पाणी द्यायच्या, कूस बदलायच्या, अम्माने शिव्या दिल्या तर तेलुगूतच परत द्यायच्या.

हे आमच्या साहेबांना माहीत होतं. साहेब वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. तेही मशीनवर बसून बसूनच वर चढले होते. पण ऑफिसात कुणी हूं की चूं केलं तर ते सहज बोलल्यासारखं बोलायचे, "कोकणातून माणूस मागताहेत. तिथे जागा रिकामी आहे." बोलायचे सगळ्यांना, पण तेव्हा अक्कांची मान खाली जायची. कोकणात अम्मा पाणी कुणाजवळ मागणार? कुठल्या भाषेत?

म्हणून अक्का कधी नाही म्हणत नसत. जादा काम, सणाच्या दिवशी काम, ताप असताना काम. "व्हय साहेब."

आणीबाणी आली आणि आमच्या ऑफिसात रोज सकाळी वरून फोन यायला लागला. कुठल्या तारा जाऊ द्यायच्या, कुठल्या अडवायच्या. बातमीदारांच्या तारा आधी साहेबांच्या टेबलावर जायच्या. काही लाल पेन्सिलीने सोलून परत यायच्या, काही यायच्याच नाहीत. बाहेर माझ्या वडिलांच्या युनियनच्या ऑफिसला टाळं लागलं होतं. छापखानेवाले पत्रक बघून हात जोडायचे. मी रोज संध्याकाळी अक्कांना टोचायची.

"तुम्हाला काहीच वाटत नाही, अक्का?"

"वाटतं गं."

"मग?"

"वाटण्याला तारेत जागा कुटं असते?"

"तुम्ही मशीन झालात, अक्का. सरकारी मशीन."

त्या रागावल्या नाहीत. पदराने मान पुसली. "मशीनला आई नसते," एवढंच म्हणाल्या आणि बोटं आपटायचीही विसरल्या.

मग ती बाई आली.

काउंटरवर त्या दिवशी मी होते. बाई मूळची मंद्रूपकडची, आता गिरणीच्या चाळीत राहणारी. लुगडं घाईत नेसलेलं, पायात चप्पल नाही. तिचा मुलगा युनियनचा. धरपकड सुरू झाल्यावर तो मुंबईला नातेवाइकांकडे गेला होता. वडिलांमुळे मी त्याला नावाने ओळखत होते. पोलिसांनी आदल्या दिवशी तिच्या दिराला चौकीत बसवून घेतलं होतं आणि त्याच्या नावाने मुलाला तार करायला लावली होती. बाप अत्यवस्थ आहे, ताबडतोब निघ.

"आन् त्यो बाप घरात भाकरी खात बसलाय की!" बाई काउंटरवर मूठ आपटून म्हणाली. "पोरगं आज रातच्या गाडीला बसनार. ठेसनावर साध्या कपड्यातले पोलीस हायती, मी सोता बगितले. माजी तार लाव बाई. बाप बरा हाय, येऊ नगं. एवढंच लिही."

मी लिहिलं. अर्जंट लावली. तारा आत नेणारा शिपाई जागेवर नव्हता म्हणून मीच उठून काचेच्या दारातून कागद आत नेला आणि अक्कांपुढे ठेवला. त्यांनी पत्ता वाचला, मजकूर वाचला, माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशीची तारही त्यांच्याच हातून गेली होती.

त्यांनी सुरुवात टाकली. क्रमांक. सोलापूर. शब्द. पत्ता. मुलाचं नाव गेलं, गल्ली गेली, मुंबई गेलं. आणि मागून साहेबांचा हात आला आणि त्याने कागद ओढून घेतला.

"ही नाही जायची."

मी दारातच होते. म्हणाले, "साहेब, कालची खोटी गेली आणि आजची खरी नाही जायची?"

"तू काउंटरवर जा."

मी गेले नाही. साहेबांचा चेहरा घामाने भिजला होता. वरून फोन त्यांनाच यायचे, हे मला तेव्हाही दिसत होतं, पण तेवढ्याने माझा राग कमी होत नव्हता.

"साहेब, पत्ता गेलाय," अक्का म्हणाल्या. "सुरू झालीय. शेवट दिल्याबगर पुढचं काही जायचं न्हाय."

हे साहेबांनाही चांगलं ठाऊक होतं. "द्या शेवट. आणि लगेच रद्दचा निरोप लावा. या क्रमांकाची तार रद्द समजावी, पोचवू नये."

अक्कांनी चार एन टाकले. पत्ता होता, शेवट होता, मध्ये काहीच नव्हतं. अशी कोरी तार मुंबईला गेली.

मग रद्दचा निरोप. सुरुवात. नवा क्रमांक. मुंबईच्या तार ऑफिसचं नाव. साहेब खांद्यामागे उभे राहून शब्द सांगत होते आणि अक्का तसेच्या तसे टाइप करत होत्या. क्रमांक अमुक रद्द, पोचवू नये. तारेचा क्रमांक खाली पुन्हा एकदा टाकला, नियमाप्रमाणे. मी दाराची चौकट घट्ट धरली होती. ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडून काय होणार हेही कळत होतं.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. साहेब गेले.

अक्कांचा हात एनच्या कळीवर होता. मी तो हात पाहत होते. तो तिथून उठला आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. मशीन नुसतं घरघरत राहिलं. मग अक्का उठल्या, कोपऱ्यातल्या माठापाशी गेल्या आणि सावकाश पाणी प्यायल्या. मग आणखी एक पेला. काम अर्धं टाकून उठलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दोरीने बांधलेली खुर्ची मशीनपुढे रिकामी होती.

माझ्याजवळून जाताना त्या हळूच म्हणाल्या, "तू काउंटरवर जा. तू काही बगितलं न्हाय."

त्या दुपारी पुढच्या तारा टेबलावरच पडून राहिल्या, आणि बराच वेळ मुंबईहूनही काही विचारणा आली नाही. आली तेव्हा साहेब मशीनजवळच होते. मागचा निरोप अपुरा आहे, पुन्हा पाठवा. साहेबांनी मशीनवरचा कागद वर ओढला, वाचला, आणि ज्या जागी चार अक्षरं असायला हवी होती तिथे बोट ठेवलं.

"शेवट?"

"राहिला, साहेब."

"तुमच्या हातून?"

अक्कांनी मान हलवली. साहेबांनी त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. मला वाटतं, त्या वेळी ते साहेब नव्हते, मशीनवरचे जुने कारागीर होते. पण ते फार वेळ टिकलं नाही. "मलाही वर उत्तर द्यायचंय, बाई," असं म्हणून ते आपल्या खोलीत गेले आणि दार लावलं.

मुलगा आला नाही. तोवर कोरी तार त्याच्या हातात पडली होती, आणि मधला मजकूर कुणीतरी अडवलाय हे त्याने ओळखलं होतं. साधे कपडेवाले स्टेशनवर चहा पिऊन पिऊन कंटाळले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्याची आई काउंटरवर आली. चेहऱ्यावर काही दिसू न देता म्हणाली, "पोरगं काय आलं न्हाय बाई. काय करावं या पोराला!" आणि पाठ वळवून जी चालती झाली, ती रस्ता ओलांडेपर्यंत डोळ्याला पदर लावून होती.

अक्कांची चौकशी झाली. कुणाच्या सांगण्यावरून केलं ते लिहून द्या, म्हणजे हलकी शिक्षा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी लिहून दिलं, हातून राहिलं. तेवढंच. बदलीचा हुकूम आला. कोकण.

मी भडकले. वडिलांच्या ओळखीच्या छापखान्यात अक्कांवरच्या पत्रकाचा मजकूर घेऊन गेले. मालकाने तो वाचला, चुलीत टाकला आणि मला मागच्या दाराने बाहेर काढलं. अक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं केलं त्यानं. अजून एक घर कशाला?" अर्ज केले. अम्माची अवस्था लिहिली, डॉक्टरांचा दाखला जोडला. उत्तर नाही. हजर होण्याचा दिवस जवळ आला तेव्हा अक्कांनी राजीनामा दिला. जाताना खुर्चीची दोरी सोडायला लागल्या, गाठ फार जुनी, सुटेना. तशीच ठेवून गेल्या.

आता आणीबाणी उठली आहे. तुरुंगातली माणसं बाहेर आली, चौकाचौकांत त्यांना हार घातले गेले, तुम्ही पाहिलेच असतील. तो मुलगाही उघडपणे परत आला, त्याच्याही गळ्यात हार पडला. चांगलं झालं. पण सभेत कुणी अक्कांचं नाव घेतलं नाही, आणि घेणार तरी कसं? त्या ना पुढारी, ना कैदी. 'हलगर्जीपणा' असा शेरा असलेल्या एक माजी कर्मचारी. तो शेरा अजून तसाच आहे. साहेबही तसेच आहेत. आणि मशीनपुढे त्या खुर्चीवर मी बसते.

मध्यंतरी एका दुपारी लाइन रिकामी होती. मुंबईच्या टोकाला कोण बसतो हे आम्हाला ठाऊक नसतं. नाव नाही, चेहरा नाही. त्या माणसाने विचारलं, जुन्या बाई कुठे आहेत? मी टाइप केलं, सोडून गेल्या. मग त्याची एकेक ओळ यायला लागली:

कोरी तार आली होती. मी पुढे दिली. मग रद्दचा निरोप आला, त्याला शेवट नव्हता. त्या बाईंच्या हातून शेवट कधी राहत नाही. मी चहाला गेलो.

मला पानभर उत्तर द्यायचं होतं. मागे साहेबांच्या चपला वाजल्या. मी पुढच्या तारेची सुरुवात टाकली.

संध्याकाळी तडक अक्कांकडे गेले. त्या उंबऱ्यात बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. गल्लीतल्या बाकीच्या बायकांसारख्याच. त्यांच्या विड्या अजून सैल होतात, कारखान्यात बऱ्याचशा बाद करून परत देतात, हे शेजारणीने मला न विचारता सांगितलं. आत खाटेवर अम्मा.

मी मुंबईचा निरोप सांगितला. अक्कांचा हात पानावर थांबला.

"काय म्हणाला? परत सांग."

मी परत सांगितलं.

"चहाला?"

"चहाला."

अक्का पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. इतकं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. आतून अम्मा ओरडली, "एमन्नाडु?" काय म्हणाला तो? अक्कांनी तेलुगूत सगळं सांगितलं. अम्मा काहीतरी फणकारली आणि शेजारपाजारच्या उंबऱ्यांवरूनही हसू उठलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणतीये, असला कामचोर माणूस मुंबईला कुणी ठेवला."

मी म्हणाले, "अक्का, आता सरकार बदललंय. पुन्हा अर्ज करू. मी लिहिते, वरपर्यंत जाऊ." पत्रकातल्या भाषेत आणखीही बरंच काही म्हणाले. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. कारखान्याच्या शेडमध्ये माल घेऊन जायची वेळ होत आली होती आणि सूप अर्धंसुद्धा भरलं नव्हतं.

"लिही की," त्या म्हणाल्या. "पण आधी हात धू आणि ती पानं कापून दे. मला उशीर होतोय."

मी त्यांच्या शेजारी बसले. आत अम्माने पाणी मागितलं, आणि समोरच्या दारातली बाई तांब्या घेऊन आमच्या अंगावरून आत गेली.